आठवड्याचा वर्कआउट स्प्लिट
वर्कआउट स्प्लिट म्हणजे आठवड्यात कुठल्या दिवशी अंगाचा कुठला भाग मारायचा, म्हणजे कुठल्या भागाचा व्यायाम करायचा, याची वाटणी. कोल्हापुरातल्या जिममध्ये याला सरळ शेड्यूल म्हणतात. नवीन पोरगं फी भरून आत आलं की त्याच्या हातात बहुतेक हेच पडतं, सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक, बुधवारी शोल्डर, गुरुवारी बाय-ट्राय (बायसेप-ट्रायसेप, दंडाचा पुढचा आणि मागचा स्नायू), शुक्रवारी लेग्ज, शनिवारी ॲब्ज नाहीतर कार्डिओ आणि रविवारी सुट्टी. एका दिवशी एकच भाग, याला ब्रो स्प्लिट म्हणतात. सोमवारी संध्याकाळी राजारामपुरीत काय आणि शिवाजी पेठेत काय, बेंच प्रेसला (बाकावर उताणं पडून वजन वर ढकलायचा चेस्टचा व्यायाम) नंबर लावून उभं राहावं लागतं ते यामुळंच.

आता मुद्दा असा की स्प्लिटनं मसल वाढत नाही, मसल वाढतो तो जोर लावून मारलेल्या सेट्समुळं, म्हणजे ज्या सेटच्या शेवटी अजून फारतर दोन-तीन रेप्स निघाल्या असत्या असे सेट (वजन एकदा उचलून खाली आणलं की एक रेप, आणि न थांबता सलग मारलेल्या रेप्स म्हणजे एक सेट). एका भागाला आठवड्यात साधारण १० ते २० असे सेट मिळाले पाहिजेत, नवीन माणसाला १० च्या आतही चालतंय. स्प्लिटचं काम एवढंच की हे सेट आठवड्यात असे पसरायचे की प्रत्येक सेटला ताकद शिल्लक राहील आणि दोन वर्कआउटच्या मध्ये तो भाग भरून निघेल.

वर्कआउट झाल्यावर मसलमध्ये नवीन प्रोटीन बनायचा वेग वाढतो आणि तो साधारण २४ ते ४८ तास वाढलेला राहतो, मग खाली येतो. सोमवारी चेस्ट मारली तर बुधवारपर्यंत काम आटोपलं, पुढचे चार-पाच दिवस चेस्ट नुसती बसून. मसलवाढीवर काम करणारे संशोधक ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र तपासले तेव्हा आठवड्यात दोनदा मारणं हे एकदा मारण्यापेक्षा भारी पडतंय असं दिसलं, पण २०१९ मध्ये त्यांनीच पुन्हा बघितलं तर एकूण सेट सारखे ठेवल्यावर फरक जवळजवळ राहिलाच नाही. म्हणजे दोनदा मारण्यात जादू नाही. पण एकाच दिवशी चेस्टचे १६ सेट लावले तर नवव्या-दहाव्या सेटनंतर वजन उतरवावं लागतंय, फॉर्म (व्यायाम करायची पद्धत) बिघडतोय, आणि तेच १६ सेट आठ-आठ करून दोन दिवसांत वाटले तर सगळे ताजे पडतात. माझं मत स्पष्ट आहे, दोनदाच मारा.

दिवस किती मिळतात त्यावर स्प्लिट ठरतो. तीन दिवस मिळत असतील तर फुल बॉडी (दरवेळी सगळं अंग), चार असतील तर अप्पर-लोअर (एक दिवस कमरेच्या वरचं, एक दिवस खालचं), सहा असतील तर पुश-पुल-लेग्ज दोनदा. पुश म्हणजे ढकलायचं ते सगळं (चेस्ट, शोल्डर, ट्रायसेप), पुल म्हणजे ओढायचं ते (बॅक, बायसेप). ही विभागणी चांगली का, तर बेंचमध्ये ट्रायसेप आणि पुढचा खांदा आपोआप राबतो, त्यामुळं आज चेस्ट आणि उद्या लगेच शोल्डर ठेवला की त्या खांद्याला विश्रांतीच नाही. ब्रो स्प्लिटवाल्यांचा खांदा दुखतो तेव्हा हे आधी तपासावं.

कोल्हापूरची सवय मात्र तालमीची आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबाग मैदान बांधून घेतलं, आणि गंगावेश, मोतीबागसारख्या तालमींमधली जोर-बैठकांची मेहनत पेठापेठांत मुरली. पैलवान अंग वाटून मारत नाही, तो रोज सगळं अंग घुसळतो, कारण त्याला दम, पकड आणि चिवटपणा पाहिजे. ते बरोबरच आहे, पण त्यातनं जिममधल्या पोरांच्या डोक्यात सुट्टी म्हणजे आळस असं बसलंय. तसं नाही, मसल विश्रांतीतच भरतो. तालमीत जाऊन वर जिमही करणाऱ्यानं दोन दिवस फुल बॉडी मारली तरी पुष्कळ झालं, कारण कुस्तीच्या हौद्यात मान, पाठ आणि पाय आधीच निघालेले असतात.

दुसरी अडचण शिफ्टवाल्यांची. शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कामाला असलेल्या माणसाची शिफ्ट बदलली की वारावर बांधलेलं शेड्यूल कोसळतं, आणि नेमका शुक्रवारचा लेग्जचा दिवस बुडतो, एकदा नाही, सारखाच. अशानं वार सोडून क्रम धरावा. अप्पर ए, लोअर ए, अप्पर बी, लोअर बी (ए आणि बी म्हणजे त्याच भागाचे पहिला आणि दुसरा वर्कआउट), जिमला जाईल त्या दिवशी पुढचा नंबर. मग पाय चुकत नाहीत.

वजन वाढवत नेणं हे सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच सगळ्यात जास्त विसरलं जातं. खिशात मावेल एवढी वही ठेवायची. बेंच ५० किलो, तीन सेटमध्ये रेप्स ८, ८, ७. पुढच्या वेळी ८, ८, ८ निघाले की दोन्ही बाजूला सव्वा-सव्वा किलोची प्लेट चढवायची, ५२.५ वर पुन्हा ७, ६, ६ पासून सुरुवात. बेंचसारख्या मोठ्या व्यायामात दोन सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटं थांबायचं.

खुराक कमी पडला तर कुठलाही स्प्लिट फुकट. किलोमागं साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन धरतात, ७० किलोच्या माणसाला ११२ ग्रॅम. कट्ट्यावरचं अर्धा लिटर म्हशीचं दूध २० ग्रॅमच्या आसपास देतं, चार अंडी २४, ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स २५ च्या पुढं, बाकीचं डाळ, दही, चिकनमधनं निघतं. तांबड्या-पांढऱ्याच्या नुसत्या रश्श्यात प्रोटीन थोडंच, ते मटणाच्या फोडीत असतंय. आणि सहा-आठ आठवडे सलग झाले, सांधे कुरकुरायला लागले, वहीतले आकडे खाली यायला लागले, की एक आठवडा सेट निम्मे करायचे, क्रम तोच ठेवायचा.