द्राक्षात वीज नसते

फेब्रुवारी लागला की नाशिकमध्ये जिकडेतिकडे द्राक्षांचे क्रेट दिसू लागतात. सोसायटीतल्या मुलांना रविवारी सर्किट शिकवायचं ठरलं, तेव्हा मी द्राक्षंच घेतली. पुस्तकांत लिंबू असतं, पण नाशिककराने लिंबू कशाला आणायचं?

पाच आंबट द्राक्षं, जस्ताचा मुलामा दिलेले पाच खिळे, सोललेल्या तांब्याच्या तारा आणि एक लाल एलईडी. प्रत्येक द्राक्षात एकीकडून खिळा, दुसरीकडून तार. आत दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही. एकाचा खिळा शेजारच्याच्या तारेला जोडत जायचं. शेवटी मोकळ्या राहिलेल्या तारेला एलईडीचा लांब पाय, मोकळ्या खिळ्याला आखूड. एका द्राक्षाला साधारण 0.9 व्होल्ट मिळतात आणि लाल एलईडीला 1.8च्या आसपास लागतात. हिशेबाने दोन पुरावीत, पण एलईडी जोडला की व्होल्टेज खाली बसतं, म्हणून पाच.

लागलाच नाही! द्राक्षं मी स्टीलच्या ताटलीत मांडली होती. भोकांतून रस गळला आणि रसाने, ताटलीने मिळून पाचही द्राक्षं खालून एकमेकांना जोडून टाकली. विजेला एलईडीपर्यंत जायची गरजच उरली नाही. चूक माझी, शोधली चौथीतल्या एका मुलीने. मग एकेक द्राक्ष बाटलीच्या प्लॅस्टिकच्या झाकणात बसवलं, खोलीत अंधार केला, आणि लाल ठिपका उजळला.

“गोड द्राक्षात जास्त वीज असते का?” लगेच प्रश्न आला. उत्तर न देता मी सगळे खिळे काढायला लावले आणि त्यांच्या जागी तांब्याच्याच तारा खोचल्या. द्राक्षं तीच, रस तोच, पण आता दोन्हीकडे तांबं. ठिपका गेला.

ऊर्जा द्राक्षातून येतच नव्हती. आम्लात जस्त विरघळतं, तेव्हा त्याचे इलेक्ट्रॉन खिळ्यातच मागे राहतात. ते तारेतून, एलईडीतून तांब्याकडे जातात. द्राक्षाचं काम एवढंच, की आतल्या रसातून आयन (विद्युतभार असलेले कण) सरकवत फेरा पूर्ण करायचा. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टाने 1800 साली जगातली पहिली बॅटरी केली, तेव्हा फळाच्या जागी मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या चकत्या होत्या.

खिळे परत खोचल्यावर एकाने टॉर्चचा जुना, तारेचा बल्ब लावून पाहिला. तो पेटणार नव्हताच. त्याला सुमारे 300 मिलिअँपिअर प्रवाह लागतो, आमच्या द्राक्षांना एक मिलिअँपिअरसुद्धा जड. (भिंतीतल्या प्लगला मात्र हात नाही, तिथे 230 व्होल्ट असतात. आणि प्रयोगातली द्राक्षं तोंडात टाकायची नाहीत, त्यांत जस्त उतरलेलं असतं.)

“मग खिळा संपेल का?” तीच चौथीतली. म्हटलं, वरचं जस्त संपेल, आतलं लोखंड उरेल. तिने ते सर्किट तसंच जोडून रात्रभर ठेवलं. सकाळी खिळा घेऊन दारात हजर: बाहेर राहिलेला भाग चकचकीत, द्राक्षातला काळपट.