लिकेज लिकेज म्हणतो ते नक्की कुठलं? पावसाची ओल आणि वरच्या बाथरूमची गळती

पहिला रिसेल फ्लॅट घेतला तो मार्चमध्ये, डोंबिवलीत, वन बीएचके, भाड्याने द्यायचा म्हणून. मालकाने नुकताच रंग दिला होता, ऑफव्हाइट, एकदम चकाचक, आणि मी खूश की चला, आपला रंगाचा खर्च वाचला. (आता कोणी मार्चमध्ये ताजा रंग दाखवला की मी आधी बघतो, सगळ्या घराला दिलाय की नेमका एकाच भिंतीला.) जुलैत बेडरूमच्या कोपऱ्यात, बीमच्या खाली, चहा सांडल्यासारखा डाग आला. पंधरा दिवसांत पोपडे. भाडेकरूने व्हॉट्सॲपवर फोटो टाकला आणि खाली फक्त "दादा??" एवढंच.

मग मी काय केलं, तर सगळे करतात तेच. पेंटर बोलावला, त्याने खरवडलं, पुट्टी भरली, डॅम्पप्रूफचे दोन हात मारले, सगळं मिळून अकरा हजार, आणि गणपती यायच्या आत डाग परत हजर. रंगाची काही चूक नव्हती. आपण "लिकेज" या एका शब्दात दोन वेगळी दुखणी कोंबतो, एक म्हणजे बाहेरच्या भिंतीतनं झिरपणारं पावसाचं पाणी आणि दुसरं म्हणजे वरच्या बाथरूममधून येणारी गळती. डाग सेम दिसतो. पण उपाय वेगळा, आणि खिशाच्या दृष्टीने बघायचं तर पैसे कोणी भरायचे तेही वेगळं.

पावसाची ओल आधी. मुंबई-ठाण्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि वारा नैऋत्येकडून, त्यामुळे मार खातात त्या पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंती. पाणी शिरतं कुठून, तर काँक्रीटचा बीम आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथल्या बारीक भेगेतून, खिडकीच्या खालच्या कडप्प्याला बाहेरच्या बाजूला उतार नसेल तर तिथून, आणि एसीवाल्याने पाइपसाठी भोक पाडून ते नीट न बुजवता तसंच सोडलेलं असतं ना, तिथून तर हमखास. ही ओल जोरदार सरी लागल्या की दोन-चार दिवसांत वाढते, उघडीप मिळाली की फिकी पडते, दिवाळीनंतर हळूहळू सुकते आणि जाताना भिंतीवर पांढरी भुकटी ठेवून जाते, त्यालाच लोणा लागला म्हणतात. हिचा इलाज बाहेरून. झुला (दोरांवर टांगलेली फळी) लावून भेगा भरायच्या, प्लास्टर नीट करायचं, वरून कोटिंग. आतून कितीही भारी रंग मारा, पाणी मागून ढकलत येतं आणि रंगाला फुगे आणतं. आणि आपली एक सवय फार महागात पडते, दिवाळीच्या आधी घर रंगवायचं म्हणून ऑक्टोबरमध्ये ओल्या भिंतीवरच काम उरकायचं, मग संक्रांतीला पोपडे पडले की कंपनीला शिव्या.

आता बाथरूमची गळती. ही जास्त फसवी आहे म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्याकडे बहुतेक बिल्डिंगमध्ये बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो, सनक म्हणतात तो, त्यात पाइप टाकून विटांचे तुकडे आणि कोबा भरतात आणि वर टाइल्स. टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंट झिजलं किंवा नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या जाळीखालच्या निचऱ्याच्या भांड्याच्या) कडेला फट पडली की रोजच्या आंघोळीचं पाणी थोडं थोडं आत उतरतं आणि तो सनक एखाद्या परातीसारखा भरून राहतो. मग खाली टपकतं ते आत्ता कोणी आंघोळ केली म्हणून नाही, परात भरलीये म्हणून. माझी चूक इथेच झाली. वरचे काका-काकू आठ दिवस कोकणात गेले होते, तरी माझा कोपरा ओलाच, म्हणून मी छातीठोकपणे म्हटलं की बाथरूमचा काही संबंध नाही, पाऊसच आहे. आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींशी भांडलो पण!

जानेवारीत जेव्हा कोरड्या ठाक हवेत डाग तसाच्या तसा होता तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. मग प्लंबरने वर जाऊन नहाणीचं तोंड बंद केलं, बाथरूममध्ये दोन इंच पाणी भरलं, त्यात रंग टाकला आणि दोन दिवस ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या छताला निळसर ओल. काकू स्वतः खाली बघायला आल्या, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, हे तर आमचंच की." दाबाची लाइन, म्हणजे नळांना पाणी आणणारा पाइप, फुटलीय का हे बघायचं असेल तर ते त्याहून सोपं आहे, त्या घराचे सगळे नळ बंद करून रात्री पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवायचा आणि सकाळी परत बघायचा. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) लावून पाणी पावसाचं की नळाचं ते सांगणारेही भेटतील, पण सिमेंटमधून येताना पाणी क्षार घेऊनच येतं, त्यामुळे त्या आकड्यावर माझा तरी विश्वास नाही.

पैशाचं गणित असं की सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंती, गच्ची, कॉमन पाइपलाइन आणि पावसाचं लिकेज हे सोसायटीने दुरुस्त करायचं, अगदी शेवटच्या मजल्यावर गच्चीतून पाणी येऊन छताचं प्लास्टर पडलं तरी ते सोसायटीचं. पण घरातल्या संडास-बाथरूम-सिंकमुळे होणारी गळती त्या त्या मेंबरच्या खर्चाने. म्हणजे माझं दुखणं पावसाचं असतं तर सोसायटी, निघालं बाथरूमचं म्हणून काका. मी मात्र मधल्या मध्ये अकरा हजार घालून बसलो होतो. नवीन फ्लॅट असेल तर गोष्ट वेगळी, ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला तर रेरा या बिल्डरांवरच्या कायद्याप्रमाणे बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो.

कागदावर सोसायटीची जबाबदारी आहे म्हणून निर्धास्त व्हायचं नाही हां, गल्ल्यात पैसे आहेत का ते बघा. दुरुस्ती निधी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा पैसा) किमान ०.२५ टक्के जमा करायचा नियम आहे, पण मेंटेनन्स कमी दिसावा म्हणून कित्येक ठिकाणी नावाला घेतात आणि मग बाहेरचं काम निघालं की एकदम घरटी मोठा आकडा येतो, तो नवीन मालकाच्या बोडक्यावर. बिल्डिंग १५ वर्षांच्या पुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीच्या तपासणीचा, रिपोर्ट मागा, ३० पर्यंत दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी करायचा असतो तो. आणि छताच्या डागाला गंजाचा तांबूस रंग असेल तर पाणी सळईपर्यंत पोचलंय, तिथे ओल पावसाची की बाथरूमची हा वाद नंतर, आधी इंजिनिअर.

घेताना शक्य असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये बघायला जा, एजंट म्हणेल पावसात कशाला त्रास, तरी जा. बाहेरची ओल तेव्हाच सापडते. बाथरूमची मात्र बाराही महिने सापडते, पण अर्धीच, कारण आपल्या घरात दिसतं ते वरच्यांचं पाप. आपलं स्वतःचं, म्हणजे जे फ्लॅटबरोबर आपण विकत घेणार आहोत आणि ज्याची टाइल्स फोडून दुरुस्ती आपल्याच गळ्यात पडणार आहे, ते दिसतं खालच्या घरात. म्हणून दुसऱ्या फ्लॅटच्या वेळी टोकन द्यायच्या आधी मी एक मजला उतरून बेल दाबली. एका आजींनी दार उघडलं, मी म्हटलं वरचा फ्लॅट बघतोय, तुमचं बाथरूम जरा बघू का, तर त्या काही न बोलता मला आत घेऊन गेल्या आणि छताकडे बोट दाखवलं. नहाणीच्या बरोबर खाली त्यांनी दोन खिळ्यांना प्लास्टिकची घमेली टांगून ठेवली होती, आणि ती अर्धी भरलेली होती.

घासाघीस करताना दीड लाख कमी झाले.