एकाच दिशेचा मार्ग आणि सर्वांत जवळचा मार्ग: पेद्रू नुनिश यांनी वेगळ्या केलेल्या दोन रेषा

ब्राझीलच्या मोहिमेवरून १५३३ साली पोर्तुगालला परतलेल्या मार्तिम अफॉन्सो द सूझा यांनी राजाचे खगोल-भूगोलतज्ज्ञ पेद्रू नुनिश यांच्यापुढे एक शंका मांडली. विषुवदिनी सूर्य सर्वत्र नेमका पूर्वेला उगवतो आणि त्या दिवशी तो विषुववृत्तावर असतो. मग दक्षिण गोलार्धात होकायंत्राप्रमाणे सतत पूर्वेकडे हाकलेले जहाज विषुववृत्ताला न पोहोचता त्याच अक्षवृत्तावरून का चालत राहते? पुढे गोव्यात गव्हर्नर म्हणून आलेले सूझा ते हेच. त्यांच्या या प्रश्नातून, आजही एकच समजल्या जाणाऱ्या दोन रेषा गणिताने प्रथमच स्पष्टपणे वेगळ्या झाल्या.

पहिली रेषा बृहद्वृत्ताची, म्हणजे ज्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशीच असते अशा, गोलावरच्या सर्वांत मोठ्या वृत्ताची. गोलावरच्या दोन ठिकाणांतील सर्वांत कमी अंतर याच वृत्ताच्या लहान कंसावर मोजले जाते. पूर्वेकडे तोंड करून या रेषेने निघालेले जहाज खरोखरच विषुववृत्ताकडे वळेल, पण त्यासाठी सुकाणू वरचेवर फिरवावे लागेल, कारण ही रेषा प्रत्येक रेखावृत्ताला वेगळ्या कोनात छेदते. दुसरी रेषा प्रत्येक रेखावृत्ताशी तोच कोन राखते आणि तिला आज लॉक्सोड्रोम म्हणतात. नेमके पूर्व-पश्चिम जाताना ती अक्षवृत्त होते, तर तिरक्या दिशेने जाताना ध्रुवाभोवती मळसूत्रासारखी फिरत त्याच्या जवळ जाते. विषुववृत्त आणि रेखावृत्ते यांवर मात्र दोन्ही रेषा एकच असतात, आणि गोंधळ टिकून राहण्याचे हेही एक कारण असावे.

फरक किती मोठा असू शकतो, हे ६० अंश अक्षवृत्तावर दिसते. तेथील परस्परांच्या अगदी विरुद्ध रेखांशांवरच्या दोन बिंदूंमधील अंतर अक्षवृत्तावरून सुमारे १०,००० किलोमीटर भरते, पण ध्रुवावरून जाणाऱ्या बृहद्वृत्ताने ते सुमारे ६,६७० किलोमीटरच होते. उष्ण कटिबंधातील छोट्या प्रवासात मात्र हा फरक नगण्य ठरतो.

आल्कासेर दु साल येथे १५०२ मध्ये जन्मलेल्या नुनिश यांनी हे विवेचन १५३७ मध्ये पोर्तुगीज भाषेत छापले आणि १५६६ च्या बाझेल येथील लॅटिन ग्रंथात ते अधिक काटेकोर केले. दर्यावर्दी माणसाच्या शंकेला अडाणीपणा न मानता तिच्यातून भूमिती उभी करणे, हे मला त्यांचे सर्वांत मोठे काम वाटते. त्यांचे स्नेही जुआंव द काश्त्रू १५३८ मध्ये गोव्याकडे निघाले, तेव्हा नुनिश यांनी योजलेल्या उपकरणाने त्यांनी वाटेत ठिकठिकाणी चुंबकसूची खऱ्या उत्तरेपासून किती ढळते ते मोजले. ही मोजणी आवश्यकच होती, कारण सूची कुठे किती ढळते हे ठाऊक नसेल, तर नाखवा जिला स्थिर दिशा समजतो ती स्थिर राहतच नाही.

नकाशाने या गोंधळात भर घातली आहे. नकाशाकार मर्केटर यांच्या १५६९ च्या नकाशावर लॉक्सोड्रोम सरळ रेषा दिसते, म्हणून खलाशांना तो सोयीचा झाला. त्याच नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क हे बृहद्वृत्त उत्तरेकडे मोठा वळसा घेताना दिसते, आणि पाहणाऱ्याला लांबची वाट धरल्यासारखे वाटते, वास्तविक जवळची वाट तीच असते.

बृहद्वृत्तावरून जाण्यासाठी टप्प्याटप्प्याने दिशा कशी बदलावी, याचाही विचार नुनिश यांनी केला होता. परंतु भर समुद्रात रेखांश ओळखण्याचे भरवशाचे साधन त्या काळी नसल्यामुळे नाखव्याला ते पाळणे अवघड होते. आता लांबच्या सागरी प्रवासात बृहद्वृत्ताचे तुकडे पाडतात, आणि प्रत्येक तुकड्यापुरते जहाज एकच दिशा धरून, म्हणजे लॉक्सोड्रोमवरून, चालवतात.