मे महिना, बाळंतीण आणि ‘दूध पुरत नाही’

सोलापुरात एप्रिल लागला की पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या घरात दुपारी दोन वाजता मोठ्या माणसाचा जीव कासावीस होतो. तिथे दहा दिवसांच्या बाळाचे ओठ सुकलेले दिसले की घरातलं कुणीतरी उकळून गार केलेलं पाणी वाटीत घेतं आणि चमच्याने बाळाच्या तोंडात सोडतं. त्यामागे माया असते, पण या पाण्याची बाळाला गरज नसते. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. जमैका, भारत अशा उष्ण देशांत फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांची लघवी ऐन उन्हाळ्यात तपासली गेली, तेव्हा ती प्रमाणाबाहेर घट्ट झालेली आढळली नाही. उन्हाळ्यात बाळ अधिक वेळा प्यायला मागतं, एवढाच फरक. सहा महिन्यांपर्यंत वेगळं पाणी नको, असं डॉक्टर सांगतात ते याच आधारावर.

पाणी पाजण्यात खरा तोटा वेगळाच आहे. चमच्याने पोट भरलं की बाळ दूध कमी ओढतं. कमी ओढलं की स्तनात दूध साठून राहतं, आणि साठलेलं दूधच पुढच्या दुधाला लगाम घालतं. भरलेल्या स्तनात दूध तयार होण्याचा वेग मंदावतो, रिकामा होत गेलेल्या स्तनात तो वाढतो. हा हिशेब प्रत्येक स्तनाचा स्वतंत्र चालतो, म्हणून एकाच बाजूने पाजणाऱ्या आईची दुसरी बाजू आटत जाते. पाणी, मग गुटी, मग रात्री एक बाटली वरचं दूध, आणि महिन्याभरात घरात निकाल लागतो की हिला दूधच नाही. पुष्कळ घरांत हा निकाल आधी लागतो आणि दूध नंतर आटतं.

या गैरसमजाचं मूळ बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांत असतं. वार पडल्यावर आईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरतं, त्याने धरून ठेवलेलं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करवणारं संप्रेरक, मोकळं होऊन कामाला लागतं आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी स्तन भरून येतात. सिझेरियन झालं असेल, मधुमेह असेल, प्रसूतीत फार रक्त गेलं असेल किंवा वारेचा तुकडा आत राहिला असेल तर आणखी उशीर होतो. तोवर येतो तो चीक, दाट, पिवळसर आणि थोडासाच. नवजात बाळाच्या पोटाला तेवढा पुरतो आणि त्यात रोगप्रतिकारक प्रथिनं व पांढऱ्या पेशी ठासून भरलेल्या असतात. या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरणं स्वाभाविक आहे. जन्मवजनाच्या दहा टक्के किंवा त्याहून जास्त घट झाली तर मात्र तपासणी हवी. दहा-पंधरा दिवसांत बाळ बहुधा जन्मवजनावर परत येतं.

पण भेटायला आलेल्या मावशी-काकूंना एवढा धीर नसतो. मधाचं बोट चाटवलं जातं. मधात बोट्युलिझम या विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि लहान बाळाच्या आतड्यात ते रुजू शकतात, म्हणून वर्षाच्या आत मध अजिबात नको. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतली गेलेली बाळं ४१.८ टक्केच होती. बहुतेक प्रसूती दवाखान्यात होऊ लागल्यावरही हा आकडा निम्म्याच्या खाली राहतो, याचा जाब फक्त आजीबाईंना विचारून चालणार नाही.

आता पान्ह्याविषयी. दूध तयार होणं आणि ते बाहेर येणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. बाहेर आणण्याचं काम ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचं. बाळ ओढू लागलं, कधी नुसतं रडलं, तरी मेंदूतून ते सुटतं आणि दुधाच्या पिशव्यांभोवतीचे बारीक स्नायू आवळले जातात. अमेरिकेत १९४८ मध्ये मायकेल आणि नाइल्स न्यूटन या दांपत्याने यावर एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोगातली आई खुद्द नाइल्सच होती. पाजताना तिचे पाय बर्फाच्या पाण्यात बुडवले, पायाचा अंगठा दुखेपर्यंत ओढला, गणितं विचारून हैराण केलं. प्रत्येक वेळी पाजण्याआधी आणि नंतर बाळाचं वजन केलं. शांतपणे पाजलं तेव्हा बाळाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळालं होतं, छळाच्या दिवशी ९९ ग्रॅम. तोच छळ करून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, तर १५३ ग्रॅम. म्हणजे दूध आत होतंच, वाट अडली होती.

एका आईवरचा हा प्रयोग, त्यामुळे त्यावर सगळा डोलारा उभा करता येत नाही. पण वेदना आणि ताण ऑक्सिटोसिनच्या लाटा दाबतात हे नंतरच्या अभ्यासांतही दिसलं आहे. सोलापुरी बाळंतिणीला अंगठा ओढणारं कुणी लागत नाही. टाके दुखत असतात, खोलीत सहा बायका बसलेल्या असतात आणि त्यातली एक दर अर्ध्या तासाने विचारते, “अगं, दूध उतरतंय का?”

वेदनेचं सर्वांत साधं कारण म्हणजे बाळाने नुसतं बोंडच तोंडात धरणं. बाळाच्या तोंडात बोंडाभोवतीचा काळा भागही बराचसा जायला हवा. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला असावा. तसं नसेल तर चिरा पडतात आणि आई पाजायला घाबरू लागते. बोंड आत ओढलेलं असेल तर आपल्या शेजारच्या कर्नाटकातला एक स्वस्त उपाय आहे. दावणगेरेच्या बालरोगतज्ज्ञांनी १९९३ मध्ये साध्या प्लास्टिक सिरिंजची पद्धत प्रसिद्ध केली. सिरिंजचं सुईकडचं टोक कापायचं, दट्ट्या त्या कापलेल्या बाजूने घालायचा आणि गुळगुळीत बाजू स्तनाला लावून दट्ट्या हळूच ओढायचा. पाजण्याआधी अर्धा-एक मिनिट पुरतं. पहिल्यांदा परिचारिकेकडून शिकून घ्यावं.

दूध साठून गाठ आली की ती चोळून ‘मोडायची’ रीत आहे. अलीकडचा वैद्यकीय सल्ला याच्या उलट आहे. जोरात चोळल्याने सूज वाढते. गार पट्टी ठेवावी, त्या बाजूनेही नेहमीसारखं पाजत राहावं. ताप चढला, लाली पसरली किंवा दोन दिवसांत उतार पडला नाही, तर पू होण्याआधी दवाखाना गाठावा.

दूध पुरतंय की नाही हे बाळाच्या रडण्यावरून ठरवू नये, लंगोटावरून ठरवावं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर काळजीचं कारण नाही. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्या वजनकाटा काढतात तेव्हा बाळ झोपलंय म्हणून त्यांना परत पाठवू नये. काही आयांना खरोखरच दूध कमी येतं. त्यांच्या बाळांना डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं दूध द्यावंच लागतं, त्यात कमीपणा नाही.

उन्हाळ्यात भीती असते ती दूध नीट न पोचलेल्या बाळाची. ते रडतही नाही, नुसतं झोपून राहतं आणि घर म्हणतं, किती शांत बाळ आहे! लघवी कमी, अंग तापलेलं, डोळे पिवळे, ओढण्यात जोर नाही, अशा वेळी रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, धोकादायक पातळीपर्यंत वाढलेलं असू शकतं. हे घरी निस्तरायचं दुखणं नाही. त्यात मे महिन्यात खिडक्या लावून, कोळशाची शेगडी पेटवून, बाळाला टोपडं-दुपट्यात गुंडाळायचं म्हणजे कमाल झाली. धुरीतला ओवा सुगंधी असेल, पण बंद खोलीत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही निघतो. बाळंतिणीला पाणी तोडायचं तर काहीच कारण नाही, तिने तहानेप्रमाणे प्यावं. अळिवाचे लाडू, शेपू, बाजरीची भाकरी जरूर खावी. त्याने दूध वाढतं याचा पुरावा तोकडा आहे, पण पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने दिवसाला सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. त्या कुठून तरी यायलाच हव्यात.

आईकडे मात्र सगळ्यात शेवटी बघितलं जातं. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला घाण वास असेल, ताप असेल, पोटरी एकाच बाजूची सुजून दुखत असेल, किंवा डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर १०२ किंवा १०८ ला फोन करावा. रक्तदाब वाढून येणारे झटके (आकडी) बाळंतपणानंतरही येऊ शकतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं पंधरवड्यात ओसरतं. त्यापुढेही मन उठत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. भारतातल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये आला, त्यात हे प्रमाण २२ टक्के निघालं. पाचातल्या एकीला ‘बाहेरचं काहीतरी’ लागलं असेल, हे पटत नाही. बाळंतीण भ्रमिष्टासारखं बोलू लागली किंवा बाळाला इजा करण्याचे विचार सांगू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं आणि तोवर तिला एकटं सोडू नये.

आणि सोलापूरची म्हणून एक गोष्ट. पूर्व भागात आणि कुंभारीच्या वसाहतीत हजारो बायका विड्या वळतात. मांडीवर सूप, शेजारी झोळीत बाळ. तंबाखूतलं निकोटिन नुसत्या हाताच्या कातडीतूनही रक्तात उतरतं. मिश्री लावणाऱ्यांच्या तर ते थेट हिरड्यांतून जातं. दुधात त्याचं प्रमाण रक्ताच्या सुमारे तिप्पट होतं, आणि निकोटिन प्रोलॅक्टिनही कमी करतं. म्हणून अंगावरचं तोडावं का? नाही, वरच्या दुधाचे धोके त्याहून मोठे आहेत. मिश्री सुटली तर उत्तमच. सुटत नसेल तर पाजून झाल्यावर लावावी, आधी नको, कारण दुधातलं निकोटिन निम्मं व्हायला साधारण दीड तास लागतो. विड्या वळून उठल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुवावेत, पदर बदलावा, मगच बाळाला घ्यावं. आणि झोळी सुपापासून लांब, तंबाखूची धूळ उडणार नाही अशा खोलीत बांधावी. एकच खोली असेल तर निदान दाराशी, वाऱ्याच्या बाजूला.