नॉरमाल्म पुनर्रचना (स्टॉकहोम)

नॉरमाल्म पुनर्रचना : स्वीडनची राजधानी स्टॉकहोमच्या मध्यभागात दुसऱ्या महायुद्धानंतर सुमारे पंचवीस वर्षे चाललेली पाडकामाची आणि नवबांधणीची मोहीम. तिच्यात नॉरमाल्म विभागाचा दक्षिण भाग, विशेषतः क्लारा ही जुनी वस्ती, जवळजवळ पुसली गेली. ४०० हून अधिक इमारती पाडण्यात आल्या. रॉटरडॅम, वॉर्सा किंवा कॉव्हेंट्रीप्रमाणे इथे बॉम्बहल्ल्याचे ढिगारे उपसायचे नव्हते. स्वीडन युद्धात तटस्थ होता. फेब्रुवारी १९४४ मध्ये सोव्हिएत विमानांनी टाकलेले काही बॉम्ब सोडले, तर शहराला युद्धाची झळ लागली नाही. जे पडले ते शांततेच्या काळात, हाती पैसा खुळखुळत असताना, महापालिकेत ठराव करून, कायद्याने आणि मोबदला देऊन पाडले गेले. त्यामुळेच युद्धोत्तर नगररचनेच्या अभ्यासात हे उदाहरण वेगळे काढावे लागते.

जुने क्लारा

स्टॉकहोमचे मूळ मध्ययुगीन गाव म्हणजे गाम्ला स्तान हे बेट. त्याच्या उत्तरेला, पाण्यापलीकडे नॉरमाल्म. इथे तेराव्या शतकात संत क्लाराच्या जोगिणींचा मठ स्थापन झाला. गुस्ताव्ह वासा राजाने तो १५२७ मध्ये पाडला आणि त्याच जागी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आजचे क्लारा चर्च उभे राहिले. चर्चच्या आवारात स्वीडिश कवी कार्ल मिकाएल बेलमान यांचे थडगे आहे. सतराव्या शतकात या भागात सरळ रेषेत रस्ते आखले गेले. त्यांपैकी ड्रॉटनिंगगाटान (राणीचा रस्ता) आजही त्याच रेषेत आहे.

क्लाराच्या पूर्वेला ब्रुंकेबेर्य ही हिमयुगात साचलेल्या वाळूगोट्यांची लांबट टेकडी होती. पूर्व-पश्चिम जाणाऱ्याला ती आडवी येई. १८८६ मध्ये तिच्या पोटातून पादचाऱ्यांसाठी बोगदा काढला, १९११ मध्ये कुंगसगाटान हा रस्ता तिला चिरून पलीकडे नेला. टेकडी खणून काढण्याची सवय अशी जुनीच होती.

१८७१ मध्ये शेजारीच मध्यवर्ती रेल्वेस्थानक आले आणि क्लाराचा नूर पालटला. हॉटेले, खाणावळी, शिंपी, छापखाने आणि मुख्य म्हणजे वर्तमानपत्रे इथे एकवटली. रात्री छपाईयंत्रांची धडधड, पहाटे गठ्ठे घेऊन स्थानकाकडे धावणाऱ्या गाड्या, आणि या दोहोंच्या मधल्या वेळेत दारूच्या गुत्त्यांवर बसलेले, कविता विकून दोन घास मिळवणारे लेखक. स्वीडिश वाङ्मयेतिहासात त्यांना 'क्लारा बोहेमियन' म्हणतात. कवी निल्स फर्लिन (१८९८–१९६१) त्यांतला सर्वांत लाडका. आज त्याचा सिगरेट पेटवत उभा असलेला पुतळा त्या भागात आहे. पुतळ्याभोवतीचे क्लारा मात्र दुसरेच.

अर्थात या वस्तीचे फार गोडवे गाऊन चालणार नाही. इमारती बऱ्याचशा मोडकळीला आलेल्या, अंगणे कोंदट, न्हाणीघरांची आणि शौचालयांची सोय तुटपुंजी. राहणारी माणसे पाडकामाआधीच कमी होत चालली होती आणि त्यांच्या जागी कचेऱ्या येत होत्या.

आराखडे आणि कायदा

या भागातून रुंद रस्ता काढण्याची कल्पना युद्धापेक्षा कितीतरी जुनी. १८६६ च्या लिंडहागेन आराखड्यात स्वेआवेगेन हा हमरस्ता उत्तरेकडून थेट राजवाड्याच्या दिशेने आणायचा होता. तो मध्येच अडकून पडला आणि पुढची साठ-सत्तर वर्षे 'याचे पुढे काय?' हाच नगररचनेतला मुख्य प्रश्न राहिला. १९३० च्या दशकात त्यासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. प्रख्यात वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांनीही तिच्यासाठी आराखडा पाठवला. निष्पन्न काहीच झाले नाही.

गाडे पुढे सरकले ते भुयारी रेल्वेमुळे. १९४१ मध्ये महापालिकेने मेट्रोचा निर्णय घेतला. दक्षिणेकडचा मार्ग १९५० मध्ये आणि पश्चिमेकडचा १९५२ मध्ये सुरू झाला. मधला जोड नॉरमाल्मच्या खालून जाणार होता. या टप्प्यात बरेचसे काम वरून खणूनच करायचे होते. वर घरे ठेवून ते शक्य नव्हते. घरे गेली की मोकळ्या जागेवर काय बांधायचे, हा प्रश्न आपोआप उभा राहिला आणि त्याचे उत्तर तयार होते. पाडकामाचा दोष सहसा वास्तुरचनाकारांच्या काचेच्या इमारतींच्या हौसेवर टाकला जातो. माझ्या मते तो अर्धाच खरा आहे. मागे फिरण्याचा रस्ता बंद केला तो त्या खंदकाने. जोडमार्ग १९५७ मध्ये खुला झाला. आजचे टी-सेंट्रालेन स्थानक तेव्हाचेच.

नगररचनेची सूत्रे १९४४ पासून स्वेन मार्केलियुस यांच्याकडे होती. राजकीय बाजू प्रथम उदारमतवादी इंग्वे लार्सन यांनी आणि पुढे सोशल डेमॉक्रॅट यालमार मेर यांनी लावून धरली. पक्षांमध्ये फारसा मतभेद नव्हता, ही गोष्ट नंतरच्या टीकेत हमखास विसरली जाते. १९५३ च्या एका कायद्याने, ज्याला लोक 'लेक्स नॉरमाल्म' (नॉरमाल्म कायदा) म्हणू लागले, महापालिकेला केवळ रस्त्यापुरती नव्हे तर लगतच्या अख्ख्या पट्ट्यातली जमीन सक्तीने संपादित करता येऊ लागली. ती विकायची नाही, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची, असे धोरण होते. रस्ता झाल्यावर चढणारा जमिनीचा भाव सावकाराच्या नव्हे, गावाच्या तिजोरीत यावा, हा त्यामागचा हिशेब. हिशेब चोख होता. पण एवढे मोठे भूखंड उचलून बांधकाम करण्याची ऐपत बँका, विमा कंपन्या आणि मोठी दुकाने यांच्याकडेच होती. चार खणांच्या गाळ्यातला शिंपी किंवा पुस्तकविक्रेता तिथे परत येऊ शकत नव्हता.

नवे बांधकाम

पहिला टप्पा ह्योटोरियेट या जुन्या बाजारचौकाच्या दक्षिणेचा. इथे १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९६६ पर्यंत एका रांगेत पाच काचेच्या उंच कचेऱ्या उभ्या राहिल्या, प्रत्येकी अठरा-एकोणीस मजल्यांच्या. पाचही वेगवेगळ्या वास्तुरचनाकारांच्या. त्यांतली एक खुद्द मार्केलियुस यांची. पायथ्याशी दोन मजली दुकाने, मधून फक्त पायी चालणाऱ्यांसाठी रस्ता, मालाची ने-आण जमिनीखालून. दुकानांच्या छपरांवर बागा, तिथेही दुकाने आणि एका छपरावरून दुसऱ्यावर जायला पूल. चित्रात हे फार देखणे दिसे. प्रत्यक्षात खाली सगळे मिळत असताना जिना चढून वर जायला कुणाला कारण नव्हते. वरची दुकाने चालली नाहीत आणि गच्च्या पुढे लोकांसाठी बंद झाल्या.

दुसऱ्या टोकाला सेर्गेल चौक. मूर्तिकार योहान टोबियास सेर्गेल यांची कार्यशाळा या ठिकाणी होती, म्हणून हे नाव. चौक दुमजली आहे. वर मोटारींचे वर्तुळ, त्याच्या मध्यभागी कारंजे आणि काचेचा स्तंभ. खाली, मेट्रोच्या दाराच्या पातळीवर, काळ्या-पांढऱ्या त्रिकोणी फरश्यांचे मैदान. त्याला गावकरी नुसते 'प्लाटान' म्हणतात. मोर्चे, सभा, विजयोत्सव इथेच होतात आणि अमली पदार्थांच्या विक्रीसाठीही ही जागा अनेक वर्षे बदनाम आहे. दक्षिण कडेला पेटर सेल्सिंग यांचे कुल्टुरहुसेट हे सांस्कृतिक केंद्र १९७४ मध्ये उघडले. त्याच वास्तूच्या नाट्यगृहाच्या बाजूत १९७१ ते १९८३ या काळात चक्क स्वीडनची संसद भरत होती, कारण जुन्या संसदभवनात एकगृही सभागृहाची सोय व्हायची होती.

टेकडी बरीच खाली गेली. तिच्या माथ्यावरून जाणारा माल्मशिल्नाड्सगाटान हा रस्ता आता खालच्या रस्त्यांवरून पुलासारखा जातो. मोटारीचे प्रस्थ किती होते ते रेगेरिंग्सगाटानवरच्या 'पार्काडेन' या १९६४ च्या वाहनतळावरून कळते. हान्स आस्प्लुंड यांनी काँक्रीटच्या दर्शनी भागात मजल्यांचे आकडेच कोरून काढले आहेत. मोटारी ठेवायच्या इमारतीला दर्शनी भाग असावा, तोही इतका ऐटदार, असे वाटण्याचा तो काळ होता.

वर्तमानपत्रे १९६० च्या दशकात पश्चिमेला हलली. राहती वस्ती वेलिंगब्यू (१९५४) आणि त्यानंतरच्या मेट्रोलगतच्या उपनगरांकडे सरकली. क्लारा चर्च उरले, पण त्याचा ११६ मीटर उंचीचा मनोरा आता दुकानांच्या आणि कचेऱ्यांच्या पिछाडीतून डोकावतो.

विरोध आणि थांबा

'सिटी ६७' या आराखड्यात आणखी पाडकाम, आणखी रस्ते आणि आणखी वाहनतळ होते. एव्हाना हवा बदलली होती. पाडून रिकामे ठेवलेले भूखंड वर्षानुवर्षे तसेच पडलेले लोक पाहत होते. ठिणगी पडली ती मात्र इमारतीवरून नव्हे, झाडांवरून. कुंगस्ट्रेडगोर्डेन या उद्यानातले तेरा एल्म वृक्ष मेट्रोच्या नव्या प्रवेशद्वारासाठी तोडायचे होते. मे १९७१ मध्ये, ११ तारखेच्या रात्री, करवती पोहोचल्या तेव्हा लोक झाडांवर चढून बसले, कुणी फांद्यांना झोळ्या बांधल्या. घोडेस्वार पोलिसांशी झटापट झाली, काही बुंध्यांत करवत शिरलीही. पण जमाव हटला नाही आणि शेवटी महापालिकेने माघार घेतली. प्रवेशद्वार दुसरीकडे नेण्यात आले. स्थानक १९७७ मध्ये सुरू झाले. मेर यांच्यासारख्या, गरिबांना हवेशीर घरे मिळावीत म्हणून आयुष्य घालवलेल्या नेत्याची आठवण अनेकांच्या मनात या एका रात्रीशी जोडली गेली, हे थोडे अन्यायाचेच.

पाडकाम एका झटक्यात थांबले नाही. पण तेलसंकटानंतर पैसा आटला, आराखड्यांना कात्री लागली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस मोहीम संपली. मोटारींसाठीच्या क्लारा बोगद्यासारखी कामे मूळ बेतापेक्षा आखूड करून पूर्ण झाली.

मूल्यमापन

याच काळात गाम्ला स्तानचे काय झाले, हे पाहिल्याशिवाय या मोहिमेचा अर्थ लागत नाही. त्या बेटावरची घरे क्लारापेक्षा जुनी आणि तितकीच गैरसोयीची होती. पण तिथे १९३० च्या दशकातच शहराचा वारसा जपणाऱ्या सेंट एरिक सोसायटीने घरांच्या एका चौकोनी गटातली कोंदट मधली बांधकामे काढून मूळ घरे दुरुस्त करण्याचा प्रयोग केला होता. म्हणजे दुरुस्तीची रीत ठाऊक होती. ती क्लाराला लावली गेली नाही, कारण मध्ययुग हा इतिहास होता आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले छापखाने, दुकाने, भाड्याची घरे ही नुसती जुनाट मालमत्ता. १९७० च्या दशकापासून स्टॉकहोम नगर संग्रहालयाने आतल्या शहरातल्या इमारतींची पद्धतशीर पाहणी करून त्यांची वर्गवारी सुरू केली, त्यात हा निकष बदलला.

आज ह्योटोरियेटच्या पाच इमारती आणि सेर्गेल चौक यांनाच वारसा म्हणून जपावे असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि मोठे फेरबदल सुचवले की वाद होतो. ब्रुंकेबेर्य चौक, जो पुनर्रचनेनंतर अनेक दशके बँकेच्या कचेऱ्यांमागचा ओसाड कोपरा झाला होता, तिथे २०१० च्या दशकात हॉटेले आणि खानपानगृहे आली. सेर्गेल चौकाखालच्या छतांची गळती काढण्यासाठी वरचा थर उकरून दुरुस्ती करावी लागली. २०१८ मध्ये ट्राम चौकातून पुढे टी-सेंट्रालेनपर्यंत नेण्यात आली, तेव्हा वरच्या वर्तुळातल्या मोटारींची वाट अरुंद करावी लागली.