शंभर टक्के ऑक्सिजन आणि उंदरांची तालीम

शंभर टक्के ऑक्सिजनमध्ये ठेवलेला प्रयोगशाळेतला उंदीर साधारण तीन दिवसांत मरतो. तोही गुदमरून! फुप्फुसांना सूज येते, वायुकोशांत पाणी भरतं, आणि चहूकडे ऑक्सिजन असूनही रक्तापर्यंत तो पोचत नाही.

त्याच जातीच्या उंदरांना आधी आठवडाभर ८५ टक्के ऑक्सिजनची सवय लावली, तर मात्र शंभर टक्क्यांतही ते तग धरतात. हे क्रॅपो आणि टिअर्नी या संशोधकांनी १९७४ साली दाखवलं. तालीम झालेल्या या उंदरांच्या फुप्फुसांत सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एन्झाइम वाढलेलं होतं. ऑक्सिजन जास्त झाला की पेशींत सुपरऑक्साइडसारखे उपद्रवी रेणू तयार होतात आणि पेशींची आवरणं कुरतडतात. हे एन्झाइम त्या सुपरऑक्साइडची विल्हेवाट लावतं.

मग जास्त ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांकडूनही अशी तालीम का करून घेत नाहीत? कारण ८५ टक्के ऑक्सिजन दिवसेंदिवस घेतला, तर माणसाच्या फुप्फुसांना त्यानेच इजा होते. एन्झाइम वाढवणारं खात्रीचं औषधही अजून हाती नाही. तेव्हा उपाय उरतो तो साधाच: मात्रा कमी ठेवायची आणि मधूनमधून सुट्टी द्यायची.

सुट्टीचा उपाय समुद्रात खोल बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांच्या उपचारात रुळलेला आहे. दाबकक्षात, समुद्राखाली ६० फुटांवर असतो तेवढ्या दाबाखाली, त्यांना २० मिनिटं शुद्ध ऑक्सिजन आणि मग ५ मिनिटं साधी हवा देतात. एवढ्याशा विश्रांतीनेही फुप्फुसं बरीच जास्त वेळ टिकतात. साध्या हवेतला नायट्रोजन एरवी बिनकामाचा वाटतो, पण तो रक्तात फारसा शोषला जात नाही, त्यामुळे वायुकोश फुगलेले राहतात. शुद्ध ऑक्सिजन पूर्ण शोषला गेला की ते मिटू लागतात.

कोविडकाळात ऑक्सिमीटरवर ९९ दिसलं की घरभर हायसं वाटायचं. तेव्हा ते बरोबरच होतं. पण नळीतून ऑक्सिजन चालू असताना १०० दिसत असेल, तर बहुतेकदा मात्रा उतरवायला वाव असतो. बहुतेक रुग्णांसाठी ९४ ते ९८ हे लक्ष्य पुरतं. सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) रुग्णांसाठी ८८ ते ९२. गंभीर रुग्णाला पालथं झोपवण्याचा एक फायदाही हाच, की कमी ऑक्सिजनवर भागू शकतं.

कर्करोगासाठी ब्लिओमायसिन घेतलेल्यांनी पुढे कधीही शस्त्रक्रिया ठरली, तर भूलतज्ज्ञांना ते आधी सांगावं. या औषधानंतर जास्तीचा ऑक्सिजन फुप्फुसांना अधिकच बाधू शकतो.