सिंथेसायझरच्या संगतीला व्हायोलिन: ज्याँ-लुक पाँटीचं वळण

नागपुरात फ्यूजनच्या कार्यक्रमात व्हायोलिनवाल्याच्या पायाशी लूपरचं, म्हणजे वाजवलेला तुकडा साठवून तो पुन्हा पुन्हा ऐकवणारं, पेडल दिसलं, तर तरुण श्रोत्यांना त्याचं काही वाटत नाही. शास्त्रीय मैफलींत मुरलेला एखादा श्रोता मात्र हमखास विचारतो, "यात वाजवतोय कोण, माणूस की यंत्र?" प्रश्न जुनाच आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी तो ज्याँ-लुक पाँटी या फ्रेंच वादकाच्या बाबतीत विचारण्यासारखा होता.

पाँटीचा जन्म १९४२ चा, नॉर्मंडीतल्या आवराँश गावातला. वडील व्हायोलिन शिकवायचे, आई पियानो. पॅरिसच्या कॉन्झर्वातुआर या संगीत विद्यालयातून पहिलं पारितोषिक घेऊन तो बाहेर पडला आणि लामुरो ऑर्केस्ट्रात रुजू झाला. मधल्या काळात जॅझचा नाद लागला होता. जॅझमध्ये व्हायोलिनची पहिली अडचण अगदी साधी: ड्रम सुरू झाले की ते ऐकूच येत नाही. म्हणून त्याने वाद्याला विजेची जोड दिली. यंत्राशी त्याचा संबंध आला तो असा गरजेपोटी, हौसेपोटी नव्हे.

१९७३ मध्ये तो अमेरिकेत स्थायिक झाला, रॉक संगीतकार फ्रँक झापाबरोबर वाजवू लागला आणि मग गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडमध्ये गेला. झाकीर हुसेन यांच्यामुळे मॅकलॉफ्लिनचा पुढचा बँड 'शक्ती' ऐकणाऱ्यांना मॅकलॉफ्लिन वेगळा सांगायला नको. 'शक्ती'त एल. शंकर व्हायोलिनवर होते. महाविष्णूत त्याच्या जरा आधी पाँटी. पुढे स्वतःच्या बँडसह त्याने 'एनिग्मॅटिक ओशन' (१९७७) सारखे अल्बम काढले. त्यांत गिटार, कीबोर्ड, ड्रम, सगळाच भरणा.

वळण आलं १९८३ च्या 'इंडिव्हिज्युअल चॉइस' या अल्बममध्ये. पहिल्याच रचनेचं नाव 'कॉम्प्युटर इन्कँटेशन्स फॉर वर्ल्ड पीस'. शीर्षक थोडं भाबडं आहे, पण रचना तशी नाही. सिक्वेन्सर म्हणजे सुरांचा क्रम लक्षात ठेवून तो न चुकता पुन्हा पुन्हा सिंथेसायझरकडून वाजवून घेणारं उपकरण. त्या फिरत्या आकृतीवर पाँटीचा गज मोकळा सुटतो. मागचा बँड विरळ होतो आणि रचनेचा बराचसा सांगाडा एकट्याच्या हाती येतो. पुढच्या वर्षीच्या 'ओपन माइंड'मध्येही त्याने हीच वाट धरली.

आपल्या कानाला ही मांडणी परकी वाटू नये. तबल्याच्या सोलोला लेहरा धरणारा हार्मोनियमवादक तीच ओळ तासभर फिरवत असतो. तो न डगमगता फिरवतो म्हणूनच तबलजी लयीशी हवा तसा खेळू शकतो. पाँटीने लेहऱ्याचं हे काम यंत्राला दिलं, इतकंच.

हार्मोनियमचं नाव आलंच आहे, तर आकाशवाणीचा किस्साही सांगायला हवा. सूर पक्के बांधलेले, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड निघत नाही, म्हणून १९४० मध्ये या वाद्यावर तिथे बंदी आली. नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं, तेव्हा ती लागू होतीच. १९७१ मध्ये ती अंशतः उठली. सिंथेसायझरवरचा आक्षेप जवळपास हाच आहे. गंमत अशी की पाँटीच्या रचनेत तो लागूच पडत नाही. पट्ट्यांना न जमणारं सगळं, म्हणजे घसरणारा सूर, गजाचा दाब, श्वासासारखा चढउतार, व्हायोलिनकडेच राहतं. यंत्राकडे फक्त पुनरावृत्ती जाते.

त्याच सुमारास, १९८२ मध्ये, मुंबईत चरणजित सिंग एका अल्बमसाठी रोलँड कंपनीच्या सिंथेसायझर आणि ताल-यंत्रांवर भैरव आणि इतर राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवत होते. त्यात राग वाजवण्याचं कामही यंत्राकडेच होतं, त्यामुळे तुलना इथेच थांबते. तो अल्बम तेव्हा जवळपास कोणी ऐकला नाही.

१९८३ मध्येच मिडी हा प्रमाणित दुवा आला आणि वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलू लागली. व्हायोलिनने थेट सिंथेसायझर चालवणं मात्र अवघडच राहिलं. मोकळी तार असो की दाबलेली, सूर ओळखायला यंत्राला कंपनाची एकदोन आवर्तनं ऐकावी लागतात. व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या तारेचं, सेकंदाला १९६ कंपनांचं, एक आवर्तनच पाच मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे तेवढा उशीर होतोच. त्यात मींड घेतली की आत्ता कोणता सूर चाललाय, हेच यंत्राला कळेनासं होतं.

पाँटी यंत्रांतच अडकून राहिला नाही. १९९१ च्या 'चोकोला'त त्याने पश्चिम आफ्रिकेतले वादक सोबत घेतले, तर १९९५ मध्ये स्टॅन्ली क्लार्क आणि अल डी मिओलाबरोबर ज्या अल्बमसाठी बसला, त्यात फक्त तीन वाद्यं होती: व्हायोलिन, डबल बास आणि गिटार.